पूर, पौर्णिमा आणि आमची भाची

मध्यंतरी एका शनिवारी महाडहून मामेबहिणीचा फोन. "अरे, हिला रिसर्च करायचाय म्हणे. तू कम्प्युटरवाला ना, बघ जरा." आमच्याकडे कम्प्युटरवाला म्हणजे सर्वज्ञ. असो.

'ही' म्हणजे माझी भाची, नववीत. तिनं एक जाहिरात पाठवली होती. शाळकरी मुलांसाठी ऑनलाईन संशोधन, परदेशी विद्यापीठातला मार्गदर्शक, शेवटी 'पेपर'. फी लाखात! मी विचारलं, "ते राहू दे, तुझा प्रश्न काय आहे?"

"मामा, २०२१ च्या जुलैत घरात पाणी शिरलं ना, त्यानंतर दोनच दिवसांनी गुरुपौर्णिमा होती. जुन्या कॅलेंडरमध्ये बघितलं मी. मग पूर उधाणामुळे आला का?"

मी गार. खाडीला भरती असली की सावित्रीचं पाणी ओसरत नाही, हे लहानपणापासून ऐकत आलोय. पण कॅलेंडर काढून तिथी बघायचं काही मला कधी सुचलं नाही.

मित्राच्या ओळखीनं एका प्राध्यापिकेशी तिचं बोलणं करून दिलं. बाईंनी उत्तर दिलंच नाही. म्हणाल्या, "आधीच्या पुरांच्या तिथी काढ. आणि तुझं म्हणणं खोटं पाडणारा एखादा पूर सापडतो का ते बघ."

२ ऑगस्ट २०१६, सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला ती रात्र. अमावस्या! पोरगी खूश. मग २६ जुलै २००५. पौर्णिमा २१ लाच होऊन गेलेली, म्हणजे उधाण ओसरून भांगाकडे चाललेलं. तरीही पूर. चेहरा पडला. "म्हणजे माझं चुकलं?"

"नाही गं, आता कुठे सुरुवात झाली," बाई म्हणाल्या. "वर पाऊस किती पडला होता?"

सावित्री उगम पावते महाबळेश्वरला. तिथे २३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. वहीत नवा रकाना आला आणि प्रश्नही बदलला: उधाणानं पूर येतो का, असं नाही, आलेलं पाणी उधाण किती वेळ अडवून धरतं? तीन पुरांवरून हे सिद्ध होणार नाही, हेही तिनंच मला सुनावलं.

बाईंचे दोन फोन, मिळून पाऊण तास. खर्च शून्य.

हे काही नवीन नाही. पुण्यात आयुकात जयंत नारळीकरांच्या काळापासून शाळकरी मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवडाभर येतात, शास्त्रज्ञाबरोबर छोटासा प्रकल्प करतात. ठरलेला अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. पण ही सोय मुख्यतः पुण्यातल्या शाळांची. महाडच्या पोरीनं काय करायचं? तसं लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ महाडहून जेमतेम अर्ध्या तासावर आहे, बाबासाहेबांच्या नावाचं. भाची रोज शाळेत जाते ती चवदार तळ्यावरून. पाणी सगळ्यांचं, हे याच गावात १९२७ साली ठणकावून सांगितलं गेलं. ज्ञानाचं मात्र अजून ओळखीवर चाललंय. माझा मित्र नसता तर बाई भेटल्या नसत्या, हे मला टोचतंच.

भाचीच्या वर्गात आणखी मुलं आहेत. त्यांचे मामा पुण्यात नाहीत. म्हणून पुढच्या शनिवारी महाडला जातोय. भाचीला सांगितलंय, वर्गातल्या प्रत्येकाकडून एक प्रश्न लिहून आण. उत्तरं मला येणार नाहीतच. पण बाईंसारखं "खोटं पाडून बघ" एवढं म्हणायला मलाही जमेल :)