नाटक जुने होते तेव्हा

ग्रंथ जुना झाला म्हणजे त्याची पाने पिवळी पडतात, परंतु अक्षरे हलत नाहीत. देऊळ जुने झाले म्हणजे त्याचा चुना झडतो, परंतु पायरी जागच्या जागी राहते. नाटकाचे तसे नाही. ते रोज रात्री पडदा पडताच संपते आणि पुन्हा उभे करावयाचे म्हणजे नवी माणसे, नवा गळा, नवे पाय यांच्या बळावर उभे करावे लागते. म्हणून एखादे नाटक साठसत्तर वर्षे टिकले असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय टिकले हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बदलीच्या नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना तर हा प्रश्न निव्वळ रंगभूमीपुरता उरत नाही.

मद्रासेत माझी नेमणूक प्रथम १९८८ साली झाली. पुढे २००३ साली मी पुन्हा येथे आलो, तेव्हा शहराचे नाव चेन्नई होऊन सात वर्षे झाली होती. सेवानिवृत्तीनंतर मुलाच्या बिऱ्हाडी कायमचा आलो, तो आता तिसरा मुक्काम. या तिन्ही मुक्कामांत मी एकच गोष्ट न चुकता केली. तिरुवान्मियूर येथील ‘कलाक्षेत्रा’त रामायणाची नृत्यनाट्ये लागली की तिकीट काढावयाचे आणि जाऊन बसावयाचे. एकच नाटक तीन वेगवेगळ्या वयांत पाहण्याचा योग मराठी मुलुखात राहून आला असता की नाही, कोणास ठाऊक.

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी ही संस्था १९३६ साली अड्यार येथे स्थापिली आणि १९६२ मध्ये ती तिरुवान्मियूरच्या समुद्रकाठच्या सुमारे शंभर एकर जागेत हलली. त्यांची रामायणमालिका सहा नाटकांची आहे. ‘सीतास्वयंवर’ १९५५ साली रंगभूमीवर आले आणि ‘महापट्टाभिषेक’ १९७० साली. मधल्या पंधरा वर्षांत रामाचे वनगमन, भरताचा पादुकापट्टाभिषेक, शबरीमोक्ष आणि चूडामणिप्रदान ही चार नाटके झाली. शब्द मुख्यतः वाल्मीकीचे, म्हणजे संस्कृत. गायक रंगमंचाच्या कडेला बसून गातात आणि नट नाचतात. स्त्रियांच्या चालीत भरतनाट्याचे मार्दव आहे, तर राक्षस-वानरांच्या आवेशात कथकळीचा जोम आहे, कारण चंदु पणिक्कर आणि अंबु पणिक्कर हे केरळचे आसान या संस्थेत शिकवीत असत.

या नाटकांच्या संगीताची कथा मला सर्वांत अद्भुत वाटते. म्हैसूरचे वासुदेवाचार्य १८६५ साली जन्मलेले. ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले त्या वर्षी ते नव्वदीला पोचले होते. ज्या वयात आपण पेन्शनीच्या कागदावर सही करतानाही हात थरथरतो अशी तक्रार करतो, त्या वयात या गृहस्थाने वाल्मीकीच्या श्लोकांना राग लावण्यास घेतले. १९६१ साली ते वारले तेव्हा रामाच्या डोक्यावर मुकुट चढावयाचा होता. राहिलेले काम त्यांचे नातू एस. राजाराम यांनी पुरे केले. आजोबांनी आरंभलेला राज्याभिषेक नातवाने पार पाडावा, ही घटना रामायणातल्या एखाद्या उपकथेसारखीच आहे.

मी पहिल्यांदा ही नाटके पाहिली तेव्हा रुक्मिणीदेवींना जाऊन दोन वर्षे झाली होती. त्यांना पाहिलेले प्रेक्षक आसपास पुष्कळ होते आणि प्रत्येक प्रवेशानंतर त्यांच्यात कुजबूज चाले, की बाईंच्या वेळी हे असे नव्हते. मला काहीच पूर्वीचे ठाऊक नसल्याने मी सुखी होतो. वानरांच्या घोळक्यात एक कोवळा पोरगा उंच उडी मारताना मी पाहिला होता. पंधरा वर्षांनी तोच मनुष्य एका वृद्ध राजाच्या वेषात, हात कापवीत, पुत्राला वनात धाडताना पाहिला. पात्रपत्रिका चाळून मी त्याची खात्री करून घेतली. त्याच्या गुडघ्यांनी आता उड्या सोडल्या होत्या आणि त्या सुटलेल्या उड्यांचे सारे बळ त्याच्या डोळ्यांत येऊन बसले होते. आता तिसऱ्या मुक्कामात रंगमंचावर त्याच्या शिष्यांचे शिष्य आहेत. त्यांच्या हालचाली पूर्वीपेक्षा नेमक्या आहेत, रांगा दोरीने आखल्यासारख्या सरळ आहेत. पण थबकणे कमी झाले आहे. पूर्वी शबरी बोर चाखून पाहताना क्षणभर काहीच करीत नसे. त्या काहीच न करण्यात सारे नाटक होते.

भोवतालचा बदल याहून मोठा. नाट्यगृह केरळातील देवळांच्या कूत्तंबलमाच्या धर्तीवर, अप्पुकुट्टन नायर नावाच्या अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे बांधलेले आहे. १९८८ साली त्याच्या बाहेर पडले की झाडे, काळोख आणि समुद्राची गाज. आज कुंपणाबाहेर शहराने वेढा दिला आहे, जवळच लोहमार्गाचे स्थानक आहे आणि संगणकाच्या कचेऱ्यांतील दिवे रात्रभर जळत असतात. १९९३ च्या कायद्याने संस्थेस राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. म्हणजे आपल्यासारख्यांच्या फायलींतूनही आता रामाचा वनवास जाऊ लागला. इतके होऊनही सूर मात्र तेच. निदान माझ्या कानाला ते तेच वाटतात. ज्या श्लोकावर १९८८ मध्ये गळा दाटला, त्याच श्लोकावर परवाही दाटला.

हे पाहताना मनात सारखे येई ते आपले ‘सौभद्र’. अण्णासाहेब किर्लोस्कर हे मूळचे गुर्लहोसूरचे, कानडी मुलुखातले, आणि बेळगावास महसूल खात्यात कारकुनी केलेले. आपल्याच जातकुळीतले, असे म्हणावयास हरकत नाही. ‘सौभद्रा’चे पहिले तीन अंक पुण्यास १८ नोव्हेंबर १८८२ रोजी झाले आणि पुढच्या वर्षी पाचही अंक रंगभूमीवर आले. शंभरावर पदे, आणि रात्री बसलेला प्रेक्षक पहाटेच्या सुमारास उठणार. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. त्यानंतर बालगंधर्व आले आणि तीच पदे आलापांनी, तानांनी फुलून मूळच्या दुप्पट लांबीची झाली. साथीला ऑर्गन आला. पुढे हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकांनी सुभद्रेची भूमिका स्त्रीच्या गळ्यात आणली, जयराम आणि जयमाला शिलेदारांनी ती परंपरा चालविली. रात्री लहान झाल्या, लोकांना शेवटची गाडी गाठावयाची असे, म्हणून पदे गळू लागली. आज ‘सौभद्र’ तीन तासांच्या आत संपते आणि शंभरांतील बरीच पदे केवळ छापील पुस्तकात उरली आहेत.

म्हणजे रामायण एका आवारात, एका गुरुपरंपरेच्या पहाऱ्यात राहिले, तर ‘सौभद्र’ गावोगाव हिंडले आणि ज्याच्या हाती पडले त्याचे झाले. एकाची पोथी झाली, दुसऱ्याची पायवाट. पोथीत अक्षर चुकत नाही, पण ती उघडावयास सोवळे लागते; पायवाट वळणे बदलते, पण तिच्यावर कोणीही चालू शकतो. यांतील श्रेष्ठ कोणते, हा वाद मी पुष्कळ दिवस मनाशी घातला. तो सुटला नाही, पण त्याला तोंड फुटले ते आमच्या येथील मराठी मंडळात.

गणेशोत्सवात ‘सौभद्रा’तले निवडक प्रवेश करावयाचे ठरले. सुभद्रेसाठी गाणारी कोणी मिळेना. आमच्या मुली मराठी बोलतात, पण जोडाक्षर आले की अडखळतात, आणि गाणे शिकतात ते कर्नाटक पद्धतीचे. अखेर माझी सून उभी राहिली. ती मैलापूरची, मातृभाषा तमिळ. मराठी लग्नानंतर शिकलेली. तालमीत तिने पहिले पद म्हटले आणि सारे स्तब्ध झाले. सूर बिनचूक, शब्द स्वच्छ, पण स्वरास्वराला कर्नाटकी गमक. अंतऱ्यावर ती आली तेव्हा सुभद्रा द्वारकेहून कावेरीकाठी आल्यासारखी वाटली.

मंडळातील एक वयोवृद्ध निवृत्त अधिकारी उठून म्हणाले, “सूनबाई, तुझा गळा गोड आहे, यात शंका नाही. पण हे आमचे सौभद्र नव्हे.”

तिने मान खाली घातली नाही. ती शांतपणे म्हणाली, “काका, माझे आजोबा हरिकथा करीत. त्यांत साकी आणि दिंडी म्हणत. लहानपणी मला वाटे, ती आमचीच आहेत.”

तिचे म्हणणे इतिहासाला धरून होते. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात शाहजी राजांनी मराठी नाटके लिहिली, ती किर्लोस्करांच्या सुमारे दोन शतके आधी. मराठी कीर्तनकारांचे ऐकून तंजावर कृष्णभागवतरांनी एकोणिसाव्या शतकात तमिळ हरिकथेला जे रूप दिले, त्यात साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद नावानिशी नांदले. इकडे किर्लोस्करांनीही चाली उचलल्या त्या कीर्तनातून, लावणीतून, बायकांच्या गाण्यांतून आणि कानडी मुलुखात कानावर पडलेल्या पदांतून. ज्या गमकाला काका परके म्हणत होते, त्याचे एखादे दूरचे गोत्र ‘सौभद्रा’च्या जन्मगावातच निघण्याचा संभव होता. हे मी बोलून दाखविले. काका बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “असेल. पण मग आमचे म्हणून काय उरले?”

या प्रश्नाला हसणे सोपे आहे. मी हसलो नाही. जो मनुष्य पस्तीस वर्षे दर तीन वर्षांनी ट्रंका बांधीत गेला, ज्याची मुले पाच भाषांतील शाळांत शिकली, त्याने एक नाटक तरी आहे तसे राहावे अशी इच्छा धरणे यात काय वावगे आहे? ‘कलाक्षेत्रा’त एकेका पावलाचा पहारा ठेवणाऱ्या गुरूंची तळमळ आणि काकांची तळमळ एकच आहे. फरक इतकाच, की त्यांच्यापाशी शंभर एकर जागा, शिष्यांच्या पिढ्या आणि संसदेचा कायदा आहे. आमच्यापाशी वर्षातून एकदा भाड्याने घेतलेले एक सभागृह आहे. पहारा ठेवावयाचे सामर्थ्य नसेल तर पोथी वाळवीच्या स्वाधीन होते. आमच्यासारख्यांनी पायवाटच धरली पाहिजे, कारण दुसरा मार्ग आपल्याला परवडत नाही.

प्रवेश झाले. सूनबाईंनी पदे आपल्याच गळ्याने म्हटली. काकांनी एकच अट घातली होती, ती मात्र तिने अक्षरशः पाळली: शब्दांचे उच्चार ते स्वतः शिकवणार. महिनाभर रोज संध्याकाळी ते आमच्या घरी येत आणि ‘च’ दंततालव्य कुठे आणि तालव्य कुठे हे तिला समजावीत. तिच्याबरोबर माझी नात आणि शेजारच्या दोन मुली बसत. आज त्या चौघींच्या तोंडी जे मराठी आहे, ते माझ्या मुलाच्या मराठीपेक्षा शुद्ध आहे.

आपण अधिकारी माणसे चार्ज देतो तेव्हा यादी करतो: इतकी कपाटे, इतक्या फायली, इतक्या किल्ल्या. नवा मनुष्य सही करतो. पण कचेरी चालते ती यादीत नसलेल्या गोष्टींवर, हे दोघांनाही ठाऊक असते. कोणत्या कपाटाचे दार जरा उचलून उघडावे लागते ते कोणी लिहून देत नाही, शेजारी उभे राहून दाखवावे लागते. वासुदेवाचार्यांनी नातवाला नुसते स्वरलेखन दिले नसणार. भाऊरावांची सुभद्रा छापील पदांतून बालगंधर्वांपर्यंत पोचली नाही. नाटक जुने होते तेव्हा त्यातले पद गळेल, राग हलेल, भाषेचा लहेजा पालटेल. जोवर एक मनुष्य दुसऱ्याच्या शेजारी बसून, पुन्हा म्हण, असे सांगतो आहे, तोवर त्याचा चार्ज योग्य हाती जातो आहे असे समजावे.