हिऱ्यातला तऱ्हेवाईक

जवाहिऱ्याच्या लेखी हा दोषच. कार्बनच्या अणूंची शिस्तीत मांडणी; त्यात एका जागी नायट्रोजन घुसतो आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते. या जोडगोळीला ‘एनव्ही केंद्र’ म्हणतात. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचे संशोधक मात्र हिरा घेतात तो याच दोषासाठी, आणि उणे 269 अंश सेल्सिअसच्या थंडीत त्याची बडदास्त ठेवतात.

स्वारी महा हळवी. बहुतेक शेजारी कार्बन-12 चे, निमूट. पण शंभरात एखादा कार्बन-13 निघतो. त्याच्या अणुगर्भाला चुंबकत्व असते आणि तेवढ्याने आमच्या नायकाच्या इलेक्ट्रॉनचे चित्त विचलित होते. यावर उतारा मायक्रोवेव्हच्या ठोक्यांचा. इलेक्ट्रॉनचे स्पिन ठरावीक वेळाने उलटे करत राहायचे, म्हणजे आधी बसलेला धक्का पुढच्या खेपेस फिटतो. खरी गंमत यापुढे. ठोक्यांमधले अंतर नेमके साधले, की बाकीचे गप्प होतात आणि एकच कार्बन-13 ‘ऐकू’ येतो. तबलजी हातोडीने एकेक घर सुरात आणतो, तसली ही चिकाटी. त्रास देणारा शेजारीच मग आठवण सांभाळायला बसतो! 2019 मध्ये अशा शेजाऱ्यांना धरून दहा क्युबिटांचा (क्वांटम माहितीच्या एककांचा) संच डेल्फ्टमध्येच जमला. त्यातल्या एकाने आपली अवस्था मिनिटभराहून अधिक टिकवली.

2025 मध्ये तिथल्याच मंडळींनी 99.9 टक्क्यांहून अचूक गेट्स, म्हणजे क्युबिटांवरच्या क्रिया, दाखवली. पण त्यासाठी कार्बन-13 जवळजवळ वगळलेला हिरा वापरला आणि जोडी जमवली ती घरच्याच नायट्रोजनच्या अणुगर्भाशी. कामगिरी मोठीच, तरी शेजारी हाकलून मिळवलेल्या शांततेपेक्षा गोंगाटात साधलेला सूर मला अधिक मोलाचा वाटतो.

दूरच्या जोडीदाराशी नाते जुळवायचे, तर दूत म्हणून फोटॉन पाठवावा लागतो, आणि इथे आमचा नायक पक्का कंजूस. त्याने सोडलेल्या प्रकाशातला जेमतेम तीन टक्के कामाचा. 2015 मध्ये डेल्फ्टमध्येच झालेल्या बेल चाचणीत (दूरच्या कणांमधले क्वांटम नाते तपासणारी) दोन हिरे 1.3 किलोमीटरवर होते; 220 तासांत जमले 245 योग. शिवाय प्रत्येक फसलेला प्रयत्न शेजारी जपलेल्या आठवणीला थोडा हादरा देतोच. म्हणून गेट अचूक असून भागत नाही, नातेही झटपट जुळावे लागते.

एनव्हीचा एक भाऊबंद आहे, सिलिकॉनवाला. प्रकाश देण्यात दिलदार. 2024 मध्ये हार्वर्डच्या गटाने बोस्टन परिसरातल्या 35 किलोमीटर फायबरमधून अशा दोघांची गाठ घातली. पण त्याला थंडी लागते ती याच्याहूनही कडक.