आधी बघा, मग बोला

हिवाळ्यात एकदा फजरनंतर आम्ही अम्मींना तपासणीसाठी अंबाजोगाईला न्यायला निघालो. आमची जीप जुनी, डिझेलवर चालणारी. चावी फिरवली तर नुसते ‘टक’ झाले आणि दिवा मंदावला. आम्ही लगेच धाकट्यावर ओरडलो, "रात्री दिवा चालू ठेवलास ना?" तो गप्प राहिला.

शेजारच्या काकांचे आयुष्य ट्रॅक्टरवर गेलेले. बॉनेट उघडून म्हणाले, "गुरुजी, आधी बघा, मग बोला." बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवा थर चढला होता. त्यांनी आधी मायनसची, मग प्लसची वायर सोडली. टोके खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, पुसून घासली. जोडताना प्लस आधी. आता सेल्फ जोरात फिरला, पण इंजिन पेटेना.

"एअर घेतलीय," काका म्हणाले. डिझेलचा एक पाइप ढिला निघाला. तो आवळला, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला. आधी फेस आला. बुडबुडे थांबून नितळ डिझेल आल्यावर स्क्रू घट्ट केला. हीटर प्लग तापू दिले, चावी फिरवली आणि जीप सुरू झाली.

सेल्फ फिरत नसेल तर आधी बॅटरी आणि तारा बघायच्या. फिरूनही इंजिन पेटत नसेल तर डिझेल. वर्गात आम्ही रोज कारण शोधायला शिकवतो. घरात मात्र शहानिशा न करताच लेकरावर आळ घेतला.

सिरसाळ्याबाहेर पडताना गाडी कडेला घेऊन त्याची माफी मागू लागलो. तो घाईने म्हणाला, "अब्बा, माफ किया, पर गाडी बंद नको करो!"