कारभाऱ्याची निवड

झोपण्यापूर्वीं घरांतलीं सगळीं बटनें बंद करीत हिंडण्याची मला जुनी खोड आहे. वडील निजतांना कंदिलाची वात खालीं करीत. मी बटन दाबतों. काटकसर तीच. २०२५ सालच्या श्रावणांत एका रात्रीं या खोडीच्या भरांत मीं बैठकींतल्या संगणकाचेंहि बटन दाबलें आणि समाधानानें झोपलों. सकाळीं सात वाजतां पुण्याहून थोरल्या पुतण्याचा फोन आला.

“काका, रात्रीं मशीन तुम्ही बंद केलंत का?”

“हो. कां रे?”

“देवघर गेलं.”

हा संवाद वाचकांना वेड्यांचा वाटूं नये म्हणून थोडी मागची हकीगत सांगितली पाहिजे. पिंगळी हें परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेवरचें लहानसें स्टेशन. गांवांत आमचा माळवदाचा वाडा होता. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, सागाचे खांब, मध्यें चौक आणि चौकाच्या एका अंगाला देवघर. भावाभावांच्या वाटण्या झाल्या आणि २०१८ सालीं तो पाडला. वाटण्या गोडीनें झाल्या. परंतु गोडीच्या वाटणीनेंहि वाडा पडतोच. पुढें २०२० सालच्या टाळेबंदींत आमचीं मुलें तीन घरांत अडकून पडलीं, आणि त्या रिकाम्या महिन्यांत त्यांना माइनक्राफ्ट नांवाच्या खेळाचा नाद लागला. हा खेळ मूळ स्वीडनचा. २००९ सालीं तो प्रथम लोकांपुढें आला आणि २०११ सालीं पुरा झाला. त्यांत मीटरभर लांबीरुंदीउंचीचे ठोकळे रचून पाहिजे तें बांधतां येतें. इतर मुलें किल्ले बांधतात. आमच्या मुलांनीं पाडलेला वाडा बांधावयास घेतला, तोहि केवळ आठवणीवरून. माळवदावर जाणाऱ्या जिन्याला पायऱ्या अकरा होत्या कीं तेरा, यावर तीन दिवस भांडण चाललें होतें. मला साक्षीला बोलाविलें तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, पन्नास वर्षें त्या जिन्यानें चढउतार करूनहि मीं पायऱ्या कधीं मोजल्याच नव्हत्या.

अनेकांनीं एकाच जगांत एकदम खेळावयाचें, तर तें जग कोठें तरी अखंड जागें ठेवावें लागतें. त्या जागत्या यंत्राला सर्व्हर म्हणतात. अशा जागा भाड्यानेंहि मिळतात. परंतु मुलांनीं ठरविलें कीं वाडा पिंगळींतच राहिला पाहिजे. म्हणून २०१४ सालीं घेतलेला माझा संगणक कामास लागला. आतां थोरला पुण्यांत, धाकटा नांदेडला आणि पुतणी इंग्लंडांत. तिचें रात्रीचें जेवण आटोपतें तोंवर आमच्याकडे मध्यरात्र उलटलेली असते. गांवाच्या नांवाला शोभेसा एक पिंगळाच आमच्या बैठकींत रात्रभर डोळे उघडे ठेवून बसलेला असतो म्हणाना! त्याचे डोळे मीं त्या रात्रीं मिटले.

असें अचानक मिटणें या यंत्रांना सोसत नाहीं. खेळाचें जग सोळा ठोकळे लांब व सोळा ठोकळे रुंद अशा चौकोनांत विभागून लिहिलेलें असतें. लिहितां लिहितां वीज तुटली आणि एखाद्या चौकोनाचा मजकूर बिघडला, तर खेळ तो टाकून देतो आणि तेथें मूळची जमीन पुन्हां निर्माण करतो. मुलांनीं मला तें दृश्य दाखविलें. चौकाच्या कडेला सुरीनें वडी कापावी तसा एक चौकोन नाहींसा झालेला, आणि देवघराच्या जागीं हिरवें गवत. शेवटची नक्कल काढलेली होती ती देवघर बांधण्यापूर्वींची. मुलें मला एक शब्द बोललीं नाहींत. तीं बोललीं असतीं तर बरें झालें असतें.

त्यानंतर दोन महिन्यांनीं कारभारी बदलण्याची वेळ आली. संगणक म्हणजे नुसता धातूचा आणि वाळूचा ऐवज. त्याची स्मृति कोणाला किती द्यावी, कोणती वस्तु कोठें ठेवावी, कोणाला दारांतच थांबवावें आणि कोणाला आंत घ्यावें, हें पाहणारा जो मूळ कार्यक्रम, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. मी त्याला कारभारी म्हणतों. माझ्याकडे होता तो विंडोज १०. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं तो सेवानिवृत्त झाला. म्हणजे चालावयाचा थांबला नाहीं, पण त्याच्या नित्याच्या दुरुस्त्या बंद झाल्या. वर्षभराची मुदतवाढ मागून घेण्याची सोय होती. त्याच्या जागीं येणाऱ्या विंडोज ११ ला मात्र टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय आणि बराच अलीकडचा प्रोसेसर लागतो, आणि माझें यंत्र त्या परीक्षेंत नापास होतें. सहाच दिवसांवर दिवाळी होती. मुलें घरीं आलीं, पुतणी फोनच्या पडद्यावर आली, आणि फराळाच्या ताटांवर कारभाऱ्याच्या निवडीचा खल सुरू झाला.

थोरला लिनक्सच्या बाजूचा. हा कारभारी १९९१ सालीं हेलसिंकींत लिनस टोरवाल्ड्स नांवाच्या विद्यार्थ्यानें उभा केला. तो फुकट मिळतो आणि त्याचें पोट उघडून कोणालाहि पाहतां येतें. धाकट्याचें म्हणणें, “काकांना जें येतं तेंच ठेवा. आपण इथं नसतो.” खेळापुरतें पाहिलें तर वादाला कारणच नव्हतें. माइनक्राफ्टची संगणकावरची जुनी आवृत्ति जावा भाषेंत लिहिलेली असल्यानें तिचा सर्व्हर दोघांच्याहि हाताखालीं सारखाच चालतो. कांहीं खेळांचे सर्व्हर केवळ विंडोजवरच चालतात. आमचा खेळ तसा असता तर चकलीचा पहिला तुकडा मोडण्यापूर्वींच निकाल लागला असता.

मग गोष्ट आली पोटगीवर. माझ्या यंत्राची स्मृति आठ गिगाबाइट. विंडोज नुसता बसून राहिला तरी दीडदोन गिगाबाइट खातो, कारण चित्रें, खिडक्या, हवामान असा त्याचा थाट मोठा. लिनक्सला पडद्यावाचून ठेवला तर तो पाव गिगाबाइटाच्या आसपास भागवितो आणि उरलेली स्मृति खेळाला मिळते. मला हा मुद्दा पटला. जो कारभारी स्वतः थोडें खाऊन घरच्या माणसांना वाढतो, त्याला आमच्याकडे मान आहे. दुसरी गोष्ट पुनरारंभाची. दुरुस्त्या बसविल्यावर विंडोज स्वतः बंद होऊन पुन्हां सुरू होतो. आपल्या कामाच्या वेळा त्याला सांगून ठेवतां येतात हें खरें, पण ज्या घरांत पुण्याची संध्याकाळ आणि इंग्लंडची रात्र दोन्ही कामाच्याच वेळा, त्यानें सांगावें तरी काय? लिनक्सला हुकूम केल्यावांचून, किंवा तशी व्यवस्था मुद्दाम लावून दिल्यावांचून, तो पुनरारंभ करीत नाहीं.

परंतु लिनक्स म्हणजे एक माणूस नव्हे, तें एक मोठें कुळ आहे. पुण्याच्या सीडॅकशीं मराठी माणसाचें जुनें नातें. त्या संस्थेनें २००७ सालीं काढलेला बॉस नांवाचा देशी कारभारी घ्यावा असें मी भीतभीत सुचविलें. थोरला म्हणाला, “काका, त्याचं मूळ डेबियनच आहे. मग मुळालाच जाऊं.” मुळाला जाण्यांत आणखी एक शहाणपण होतें. सर्व्हरवाल्या मंडळींत एके काळीं सेंटओएसचा मोठा बोलबाला होता. त्याची आठवी आवृत्ति २०२९ पर्यंत सांभाळूं असें वचन होतें. डिसेंबर २०२० मध्यें तें मागें घेण्यांत आलें आणि २०२१ अखेर ती बंद झाली. तेव्हां फुकटचा कारभारीहि अर्ध्यावर हात सोडूं शकतो. डेबियन १९९३ पासून स्वयंसेवकांच्या मंडळानें चालविलेला आहे. त्याला एक धनी नाहीं. देवस्थानाचा कारभार आणि पेढीचा कारभार यांत जो फरक, तोच येथें.

मी गप्प होतों तो दुसऱ्याच विचारानें. या सगळ्या वादांत घरीं कोण असणार हा प्रश्न धाकट्यानें काढला होता, आणि तोच खरा होता; फक्त त्याचें उत्तर त्यानें अर्धेंच दिलें होतें. आज घरीं मी आहें. मी एकाहत्तर वर्षांचा आहें. ज्या दिवशीं या घराला कुलूप लागेल त्या दिवशीं यंत्राजवळ कोणीच नसेल, आणि मला जें येतें तें ठेवून काय उपयोग? माझी सवय हाच तर त्या वाड्याला खरा धोका होता! मीं डेबियनच्या बाजूनें मत दिलें. थोरला आनंदला, कां दिलें हें त्यानें विचारलें नाहीं.

भाऊबीजेच्या दुपारीं नवा कारभारी रुजू झाला. खेळाचा सर्व्हर प्रथम चालूं करतांच तो अडून बसला. करारनाम्याच्या फाइलींत ‘मान्य’ असें आपल्या हातानें लिहिल्यावांचून तो पुढें सरकत नाहीं. आमच्या घरच्या इंटरनेटला स्वतःचा जाहीर पत्ता नाहीं, एका पत्त्याआड अनेक घरें असतात; म्हणून थोरल्यानें वायरगार्डनें आपल्या पुण्याच्या घरापर्यंत एक बोगदा खणला. वीज जाऊन आली कीं सर्व्हर आपोआप उठावा, आणि रोज पहाटे चार वाजतां साऱ्या जगाची नक्कल वेगळ्या डिस्कवर पडावी, अशी व्यवस्था केली. भिंतीवरच्या बटनावर लाल पट्टी चिकटविली. ती धाकट्यानें, न बोलतां.

मला तीनच आज्ञा शिकविल्या आहेत. त्या मीं वहींत लिहून ठेवल्या आहेत, आणि तरीहि पहिला आठवडा त्रासांत गेला. लिनक्सला इंग्रजीचें मोठें अक्षर आणि लहान अक्षर हीं दोन भिन्न वाटतात. मोठ्या अक्षरानें लिहिलेलें नांव निराळें, लहान अक्षरानें लिहिलेलें निराळें. ज्याच्या लिपींत क मोठा आणि क लहान असा भेदच नाहीं, त्या माणसानें हें कोठून लक्षांत ठेवावें? आणि पडद्यावाचून ठेवलेल्या या कारभाऱ्याच्या काळ्या पाटीवर देवनागरी धड उमटत नाहीं. माझीं मराठी पत्रें जुन्या यंत्राबरोबर गेलीं. आतां तीं हातानें लिहितों. हा सौदा मला अजून पुरता आवडलेला नाहीं.

थांबविणें आणि जतन करणें या दोन आज्ञा क्वचितच लागतात. तिसरी आज्ञा ‘से’ अशी आहे. तिच्यापुढें लिहावें तें खेळणाऱ्यांच्या पडद्यावर दिसतें. परवां रात्रीं एक वाजतां जाग आली. बैठकींत जाऊन पाटी उघडली तों पुतणी नुकतीच आंत आल्याची ओळ दिसली. ती एकटीच होती. देवघर पुन्हां बांधीत असावी. मीं ‘से’ लिहून रोमन अक्षरांत विचारलें, जेवलीस का? बऱ्याच वेळानें उत्तर आलें कीं, जेवलें, काका, पण समईचा कोनाडा पूर्वेच्या भिंतींत होता कीं उत्तरेच्या? मीं आंत जाऊन सौभाग्यवतीला उठविलें. ती म्हणाली, उत्तरेच्या. मला पूर्वेच्या आठवतो.