गुरुचरित्र, लीळाचरित्र आणि कुरुंदवाडचे पलुसकर

शिष्याने गुरूविषयी लिहावे कसे, हा प्रश्न मराठी वाङ्मयाला नवा नाही. किंबहुना आपल्या गद्याचा आरंभच या प्रश्नापाशी झाला आहे. श्रीचक्रधर निघून गेल्यावर मागे राहिलेल्यांनी त्यांना आठवले. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून त्या आठवणी गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. दोघांची सांगी जुळली नाही, तर वेगळा पाठ 'शोध' म्हणून नोंदवण्याचा प्रामाणिकपणा त्या परंपरेने दाखवला. पुढे सरस्वती गंगाधरांचे 'गुरुचरित्र' आले. तिथे सिद्ध सांगतो, नामधारक ऐकतो आणि पाठभेदाला जागा उरत नाही. कारण तिथे माहितीपेक्षा श्रद्धा जागवायची आहे. वर्गात हे दोन्ही ग्रंथ शिकवताना आम्ही त्यांना धर्मग्रंथ मानत आलो तसेच स्मरणाच्या दोन पद्धतीही मानत आलो.

हे सारे आठवण्याचे निमित्त कुरुंदवाड. पंचगंगेकाठचे हे पटवर्धनांचे जुने संस्थानी गाव. नदीपलीकडे नृसिंहवाडी, जिथे नृसिंहसरस्वतींचे बारा वर्षे वास्तव्य झाले आणि जिथे गुरुचरित्राचे पारायण आजही चालते. याच कुरुंदवाडात १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले. वडील कीर्तनकार. लहानपणी नृसिंहवाडीच्या दत्तजयंतीत फटाका तोंडाजवळ फुटला आणि मुलाची दृष्टी अधू झाली. शाळेची वाट बंद झाली, म्हणून मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाण्याची वाट धरावी लागली. ज्या उत्सवाने डोळे नेले, तो गुरूचाच उत्सव होता. हा योगायोग कादंबरीकाराने योजला असता, तर समीक्षकांनी त्याला ओढून आणलेला म्हटले असते.

पुढचा इतिहास संगीताच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. १९०८ मध्ये मुंबईत शाखा उघडली. घराण्याच्या ओसरीवर चालणारी विद्या फी, वेळापत्रक, क्रमिक पुस्तके आणि परीक्षा यांच्या चौकटीत आली. आम्ही ज्या व्यवस्थेत नोकरी करतो, तिची ही संगीतातली आवृत्ती. पण पलुसकरांनी एक जुनी गोष्ट सोडली नाही. गायक-शिक्षक व्हायचे असेल, त्याने गुरूजवळ नऊ वर्षे राहण्याचा करार करायचा. जेवणखाण, निवास, शिस्त, सगळे गुरूकडे. दिवसा विद्यालय आणि रात्रंदिवस गुरुकुल, अशी ही दुहेरी रचना होती. परीक्षा देऊन गेलेले विद्यार्थी असंख्य. पण ज्यांनी त्यांना पुढे आठवले, ते मुख्यतः या दुसऱ्या दारातून आलेले.

त्या आठवणाऱ्यांत विनायकराव पटवर्धन आहेत. मिरजेचा हा मुलगा लाहोरला गुरुगृही वाढला, पुढे गंधर्व नाटक मंडळीत नट झाला आणि १९३२ मध्ये पुण्यात त्याने स्वतःचे गांधर्व महाविद्यालय काढले. गुरूविषयीच्या पुस्तकाला त्यांनी नाव दिले 'माझे गुरुचरित्र'. मराठी वाचकाला या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नदीपलीकडची पोथी त्या मुखपृष्ठावर येऊन बसली आहे. फरक एकाच शब्दाचा, 'माझे'. पोथीला कर्तेपणाचा हा सर्वनामी दावा परवडत नाही. आधुनिक शिष्याला मात्र तो केल्यावाचून राहवत नाही.

दुसरे बा. र. देवधर, तेही मिरजेचेच. यांनी पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास केला, आवाजाच्या शास्त्राचा ध्यास घेतला, आणि घराण्याचे कुंपण न मानता अनेक घराण्यांच्या गवयांकडून चिजा मिळवल्या. 'थोर संगीतकार'मध्ये ते गवयांच्या लहरी, हट्ट, दारिद्र्य आणि दिलदारी एकाच ममतेने सांगतात. गुरूचे चरित्रही त्यांनी लिहिले. देवधरांची वृत्ती आम्हाला म्हाइंभटाची वाटते: विचारून घ्यावे, पडताळावे, मग लिहावे. एकाच गुरूच्या पोटी हे दोन स्मरणकर्ते निपजावेत, यात त्या गुरूच्या शिकवणीविषयी काही कळते.

कारण शिस्त कठोर होती, पण शिष्य एका साच्याचे निघाले नाहीत. ओंकारनाथ ठाकूरांचे नाट्यमय, भावविव्हल गाणे, नारायणराव व्यासांची सुबक, प्रसन्न मांडणी, विनायकरावांचा तराणा, आणि देवधरांच्या मुंबईतल्या शाळेत आलेला सुळेभावीचा एक मुलगा, जो पुढे कुमार गंधर्व म्हणून साऱ्या परंपरेलाच प्रश्न विचारू लागला. साचा बनवणाऱ्याच्या नातवाने साचा मोडावा, ही शिक्षकाच्या दृष्टीने हार की जीत?

अर्थात शिष्यांच्या आठवणींना एक मर्यादाही असते. जानकी बाखले यांनी २००५ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात पलुसकरांच्या कार्याचा धर्माकडे झुकलेला भाग उलगडून दाखवला आणि संगीताच्या या नव्या व्यवस्थेत मुसलमान उस्तादांचे काय झाले, हे विचारले. हा प्रश्न शिष्य विचारत नाही; कृतज्ञतेच्या व्याकरणात तो बसत नाही. पण ग्वाल्हेरची जी गायकी बाळकृष्णबुवांनी महाराष्ट्रात आणली, तिची मुळे हद्दू-हस्सू खाँपर्यंत जातात. ज्या कुरुंदवाडात गणेशोत्सवात मशिदींतून गणपती बसवण्याची रीत आहे, त्या गावाच्या सुपुत्राविषयी हा प्रश्न विचारणे कृतघ्नपणाचे ठरू नये. तोही एक 'शोध'च आहे, आणि तो समासात का होईना, नोंदवला पाहिजे.

पलुसकरांची अखेर सुखाची नव्हती. कर्ज काढून उभारलेली मुंबईच्या विद्यालयाची वास्तू हातची गेली. ते नाशिकला रामनामात रमले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. संस्था म्हणून पाहिले, तर हिशेब तोट्याचा होता. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. त्याच्या परीक्षांना आजही देशभर मुले बसतात.

पण आम्हाला मंडळाहूनही मोठे स्मारक वाटते ते वेगळेच. गुरू गेले तेव्हा त्यांचा मुलगा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. वडिलांकडून त्याला पुरेसे शिकता आले नव्हते. विनायकराव आणि नारायणराव यांनी त्याला शिकवले. म्हणजे बापाची विद्या मुलाकडे शिष्यांच्या गळ्यातून आली. द. वि. पलुसकर २६ ऑक्टोबर १९५५ रोजी, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. तोवर त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत जे गाणे साठले, ते ऐकताना कुठे वडील आहेत आणि कुठे त्यांचे शिष्य, हे वेगळे काढता येत नाही.

चरित्रग्रंथ गुरूला शब्दांत परत करतो. या दोघांनी गुरूला त्याची विद्या परत केली, तीही त्याच्याच घरात. आमच्या विद्यार्थ्यांनी आम्हाला आठवावे, अशी इच्छा आम्ही फारशी बाळगत नाही. त्यांनी कुणाच्या तरी पोराला नीट शिकवावे, एवढी मात्र बाळगतो.