अर्धा मिलिमीटर

वरच्या समोरच्या दातावर इनॅमलचा जो थर असतो, तो मधोमध जेमतेम एक मिलिमीटर भरतो आणि हिरडीकडे उतरताना अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ होतो. दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत हा थर घडवणाऱ्या पेशी आपलं काम संपवून नाहीशा झालेल्या असतात. मोडलेलं हाड जुळतं, फाटलेली कातडी भरून येते. इनॅमल एकदा गेलं की ते पुन्हा घडवायला शरीरात कुणी उरलेलं नसतं. हे मी कधीतरी वाचलं होतं, पण त्याचा अर्थ माझ्यापर्यंत पोचला तो भाचीच्या दाताचा कोपरा उडाला तेव्हा.

बागेच्या कच्च्या वाटेवर तिची स्कूटी घसरली. ओठाला मार लागला आणि समोरच्या दाताचा तुकडा गेला. आम्ही तिला कवठे महांकाळहून मिरजेला नेलं. आमच्या भागातल्या माणसाला दुखलंखुपलं की मिरजच आठवते. विल्यम वॉन्लेस यांनी तिथे 1894 मध्ये रुग्णालय उभं केलं, आणि पुढे 1927 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची लहान गाडी मिरजेपर्यंत आली तेव्हा तर आमच्याकडचे आजारी लोक त्या गाडीत बसूनच जात. आता गाडी मोठी झाली, रस्ता रुंद झाला, सांगलीच्या आसपास दातांची दोन महाविद्यालयं झाली. तरी मिरजेच्या डॉक्टरांवरचा विश्वास तोच आहे. त्यांनी सांगायचं आणि आपण ऐकायचं.

इथे मात्र डॉक्टरांनी सांगितलं नाही, विचारलं. एक्स-रे काढला, दाताची नस जिवंत आहे हे पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "दोन मार्ग आहेत. बाँडिंग करून तुटलेला भाग भरून काढता येईल, किंवा पोर्सिलेनचं व्हेनिअर बसवता येईल. तुम्ही विचार करा."

माझा भाऊ गोंधळला. ताप असला की औषध एक असतं. मोडलेल्या हाताला प्लास्टर घालायचं की नाही, हे कुणी घरच्यांना विचारत नाही. हा आजारच नव्हता. पोरगी जेवत होती, बोलत होती, फक्त हसताना ओठ मिटून घेत होती. अशा वेळी निवड घरच्यांवर येते, आणि तशी निवड करायची आमच्या घरांना सवय नाही. शेवटी तो म्हणाला, "कायमचं काय ते करा मॅडम. एकदाच होऊन जाऊ दे. पोरीचं लग्न करायचंय."

त्याच्या या बोलण्याचा मला राग आला नाही. एकदाच करू, पण पक्कं करू, ही आमच्या तालुक्यातल्या माणसाची रीतच आहे, आणि ती दुष्काळानं लावली आहे. अग्रणी नदी वर्षातला बराच काळ कोरडी पाहिलेली माणसं आम्ही. म्हैसाळ योजनेतून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून इकडं आलं, तोवर ज्यांनी टँकरकडे डोळे लावून दिवस काढले, त्यांना पुन्हा पुन्हा करावी लागणारी गोष्ट नको वाटते. पैसा एकदाच हातात येतो, तेव्हाच घराला स्लॅब पडतो, तेव्हाच विहिरीला कठडा होतो. दाताचंही तसंच व्हावं, असं त्याला वाटलं.

म्हणून मी डॉक्टरांना विचारत गेले आणि त्याही न कंटाळता सांगत गेल्या.

बाँडिंग म्हणजे दाताच्या रंगाचं काँपोझिट, ज्याला आमच्याकडे सरसकट सिमेंटच म्हणतात, ते थराथरानं दातावर चढवायचं. आधी इनॅमलवर फॉस्फोरिक आम्लाची जेल लावतात. त्यानं पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी खडबड तयार होते. जेल धुऊन, दात कोरडा करून चिकटद्रव्य लावलं की ते त्या खडबडीत शिरून बसतं. वर काँपोझिटचा एकेक थर देऊन निळ्या प्रकाशानं कडक करतात, मग आकार देऊन घासून चमक आणतात. ही आम्लाची युक्ती मायकेल ब्युओनोकोर यांनी 1955 मध्ये मांडली. कारखान्यात धातूवर रंग धरावा म्हणून असं आम्ल वापरतात, तेच दातावर का नको, असा त्यांचा विचार होता. आमच्या पोरीच्या बाबतीत एकाच बैठकीत, भूल न देता आणि चांगला दात जवळजवळ न घासता काम होणार होतं. उणीव अशी की काँपोझिट काही वर्षांनी निस्तेज होतं, चहाचे आणि हळदीचे डाग धरतं, कड उडू शकते. पाच-सात वर्षांनी पुन्हा हात लावावा लागेल हे धरून चालायचं.

व्हेनिअर दिसायला देखणं. पोर्सिलेनची पातळ चकती, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची, प्रयोगशाळेत घडवून दातावर कायमची चिकटवतात. तिच्यावर डाग बसत नाहीत, उजेड तिच्यातून खऱ्या दातासारखा आत जातो, आणि नीट बसवलेली चकती दहा-पंधरा वर्षं, कित्येकदा त्याहून जास्त टिकते. खर्च अनेक पटींनी जास्त. पण ती बसायला जागा लागते. दाताचा चेहरा तेवढाच घासून कमी करावा लागतो, नाहीतर दात पुढे आलेला आणि जाड दिसतो. काही दातांवर न घासताही बसवता येते, पण सगळ्यांवर नाही. आमच्या पोरीच्या दातावर नाही.

या चकतीचा पूर्वज मजेचा आहे. 1928 च्या सुमारास कॅलिफोर्नियात चार्ल्स पिंकस हे दंतवैद्य सिनेमातल्या नटनट्यांच्या दातांवर तात्पुरते पातळ कवच चिकटवून देत. कॅमेरा थांबला की ते काढून ठेवायचं, कारण ते लावून जेवता येत नसे. म्हणजे सुरुवातीला ती गोष्ट निघणारी होती आणि दात खाली जसाच्या तसा राहत होता. पोर्सिलेनलाही आम्लानं खडबडीत करून ते इनॅमलला घट्ट जोडायची रीत 1983 च्या आसपास बसली, आणि मग चकती दातावर राहायला लागली. टिकाऊपणाची किंमत दातानं मोजली.

इथे मला भावाशी बोलावं लागलं. मी म्हटलं, "दादा, तू कायमचं म्हणतोस ते कुठलं? पोरगी आता विशीची आहे. चकती पंधरा वर्षं टिकली, वीस वर्षं टिकली, तरी ती साठीची होईपर्यंत दोनदा तरी बदलावी लागेल. प्रत्येक वेळी जुनी काढताना दात आणखी थोडा जाईल. कायमचं राहील ते फक्त घासून टाकलेलं इनॅमल." तो गप्प राहिला. मग मी त्याला द्राक्षबागेचंच सांगितलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी, वर्षाला दोनदा तू कात्री हातात घेतोस, आणि त्याला कधी कटकट म्हणत नाहीस, कारण वेल जिवंत आहे हे तुला ठाऊक आहे. दातही जिवंतच आहे.

हे बोलताना मला आजी आठवत होती. ती मशेरी लावायची, तिच्या पिढीतल्या बहुतेक बाया लावायच्या. त्याच्याही आधी सवाष्णीनं दातवण लावून दात काळे करायची रीत होती; काळे दात म्हणजे नांदती, सजलेली बाई. शंभर-दीडशे वर्षांत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत आलो. बाईच्या दातांकडे पाहणारी नजर मात्र बदलली नाही. तेव्हाही ती लग्नाच्या बाजूनंच पाहत होती. पोरीनं पाहुण्यांसमोर हसावं म्हणून तिचा चांगला दात घासायचा, ही कल्पना मला सहन झाली नाही. लगीनसराई आली की जाहिराती येतात, दोन बैठकांत नवं हसू. ज्यांचे दात तुटलेले नाहीत, किडलेले नाहीत, जरासे पिवळट आहेत एवढंच, त्यांचेही सहा-आठ दात घासले जातात. मला हे चुकीचं वाटतं आणि मी ते स्पष्ट बोलते. पिवळटपणा नको असेल तर ब्लीचिंग आहे, आणि तेही आधी करायचं, कारण काँपोझिट असो की पोर्सिलेन, एकदा बसवल्यावर त्याचा रंग ब्लीचिंगनं बदलत नाही.

आणि रंगाच्या आधी तोंड तपासायचं. आमच्या तासगाव-कवठे महांकाळ मतदारसंघानं आर. आर. पाटलांना, आमच्या आबांना, 16 फेब्रुवारी 2015 रोजी तोंडाच्या कर्करोगानं जाताना पाहिलं. त्यानंतर तरी या भागातल्या माणसानं डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्यावर आधी जीभ, गाल, हिरड्या दाखवाव्यात, मग दातांच्या रंगाचं बोलावं, असं मला मनापासून वाटतं. त्या डॉक्टरांनी पोरीचीच नव्हे, सोबत आलेल्या माझ्या भावाचीही तोंडतपासणी केली आणि तंबाखूबद्दल त्याला चार शब्द सुनावले.

आम्ही बाँडिंग केलं. निर्णय शेवटी पोरीचाच. ती म्हणाली, "आत्या, पुढं वाटलं तर व्हेनिअर करता येईल. पण व्हेनिअर करून मग मागं येता येणार नाही ना?" एवढं तिला कळलं होतं. रंग जुळवायचं काम डॉक्टरांनी अगदी सुरुवातीला, खिडकीच्या उजेडात केलं, कारण तोंड उघडं राहून दात कोरडा पडला की तो असतो त्याहून पांढरा दिसतो आणि रंग चुकतो. दोन छटा वापरल्या, आत जरा दाट, वर जरा पारदर्शक. समोरच्या दातानं ऊस सोलायचा नाही, सुपारी फोडायची नाही, दोऱ्याचं टोक तोडायचं नाही, असं बजावून सांगितलं. आमच्याकडे गुऱ्हाळाच्या दिवसांत यातली पहिली अट पाळणं सगळ्यांत अवघड.

याचा अर्थ व्हेनिअर वाईट असं मात्र नाही. माझी एक मैत्रीण आहे, चाळिशीतली. तिचं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. तिथल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, आणि लहानपणी दात घडत असताना ते पोटात गेलं की इनॅमलवर तपकिरी डाग पडतात, पृष्ठभाग खडबडीत होतो. ते घासून जात नाहीत, कारण ते वर चिकटलेले नसतात, थरातच असतात. ती बोलताना पदर तोंडाशी नेते, अजूनही. बाँडिंग तिनं करून पाहिलं, पण तसल्या इनॅमलवर चिकटद्रव्याची पकड कमी पडते. कडा सुटल्या, डाग पुन्हा डोकावले. तिच्या दातावरचा थर मुळातच बिघडलेला आहे, म्हणजे घासण्यात जे जाईल ते पोरीच्या दातासारखं धडधाकट नाही. तिनं मला विचारलं तेव्हा मी व्हेनिअरच कर म्हणाले. फक्त एक सांगितलं, की घासायच्या आधी डॉक्टरांकडून दातांवर तात्पुरता नमुना चढवून घे, आरशात बघ, बोलून बघ, घरच्यांना दाखव, आणि मगच हो म्हण. ती येत्या सुट्टीत जाणार आहे. चार दात करायचे की सहा, ते अजून तिचं ठरत नाहीये.