आजींचा अभिषेक

भूम तालुक्यातील कुंथलगिरी ही कुलभूषण-देशभूषण मुनींची निर्वाणभूमी. येथेच 1955 साली आचार्य शांतिसागर महाराजांनी 36 दिवसांची सल्लेखना केली. सव्विसाव्या दिवशीचा त्यांचा मराठी उपदेश ध्वनिमुद्रित झाला, म्हणून तो आजही ऐकावयास मिळतो.

धाराशिवच्या एका व्यापारी घरातील अंथरुणाला खिळलेल्या आजींना तेथील अभिषेक पाहावयाचा होता. नातवाने रीतसर परवानगी काढली, दोन कॅमेरे मिळविले आणि लिनक्सच्या संगणकावर 'व्होक्टोमिक्स' बसविण्यास घेतले. जर्मनीतील स्वयंसेवकांनी परिषदांच्या थेट चित्रणासाठी घडविलेले हे मुक्त सॉफ्टवेअर. मोल काहीच नाही; परंतु ते एकटे येत नाही. त्याला पायथॉन हवे, चित्र-ध्वनीचा भार वाहणारे जीस्ट्रीमर हवे. जीस्ट्रीमरच्या पूरक संचांची नावेही 'गुड', 'बॅड' आणि 'अग्ली'! 'बॅड' म्हणजे पुरती पारख न झालेला माल. 'अग्ली' म्हणजे माल चोख, पण परवान्याचा तंटा संभवणारा. वखारीत असे कप्पे कोणाकडे नसतात?

"फुकटच्या वस्तूला तीन दिवस?" आजोबांनी विचारले.

"जामीनदार गोळा करतोय, आजोबा."

पुढे कॅमेरेच जुळेनात. एकाची गती सेकंदाला 25 चित्रांची, दुसऱ्याची 30. व्होक्टोमिक्सला तर सर्व स्रोत एकाच मापाचे लागतात. तेही अखेर जुळविले.

अभिषेकाच्या वेळी चित्र तीनदा थांबले. आवाज मात्र अखंड राहिला. नातू ओशाळला. आजींच्या ते ध्यानीही आले नव्हते. त्यांनी हात जोडून डोळे मिटले होते.